मागच्या ओट्यावरची समुद्रफुलं

प्रिय ईशा आणि निहार,

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, शैलाकाकू गेल्या तेव्हा तू एवढी का रडलीस? त्या तर आजारीच होत्या ना?" मी "नंतर सांगते" म्हणाले आणि तुमच्या शाळेकडे बोलणं वळवलं. पण प्रश्न तसाच ठेवून पुढे जाणं मला जमत नाही. तीस वर्षं मी मुलांना इंग्रजी शिकवलं आणि उत्तराची जागा कोरी सोडणाऱ्यांना नेहमी रागावले. म्हणून हे लिहिते आहे. तुमचे बाबा तुम्हाला वाचून दाखवतील. अडलं तर त्यांनाही थांबवून विचारा. आत्ताच लिहिण्याचं आणखी एक कारण आहे. ही गोष्ट काकूची आणि माझी, दोघींची होती. आता ती माझ्या एकटीकडे राहिली, आणि एकटीकडे राहिलेली गोष्ट माणूस हळूहळू स्वतःला सोयीची करून घेतो. तसं होण्याआधी ती कागदावर आलेली बरी.

मी तेव्हा सातवीत होते. माझे आईवडील धानोऱ्याला शेतीवर, आणि मी शाळेसाठी पुरुषोत्तमनगरला भाऊकाकाकडे. काका साखर कारखान्यात केमिस्ट होता. त्याच्या क्वार्टरला पुढे दोन खोल्या, मधे स्वयंपाकघर आणि मागे पत्र्याखाली लांब ओटा. घरात आम्ही तिघंच : काका, मी आणि माझी आजी, जिला सगळे मोठी माय म्हणायचे. गाळपाच्या दिवसांत कारखान्याची घरघर चोवीस तास चालू असे. मळीचा आंबूस वास भाकरीलासुद्धा लागल्यासारखा वाटे. भोंगा झाला की मोठी माय तवा चुलीवर ठेवायची. घड्याळ तिने कधी पाहिलं नाही. सकाळी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी आणि मिरचीचा ठेचा, दुपारी तुरीचं वरण, आणि शनिवारी, मी हट्ट केला तर, दूध-गूळ घालून शेवया. मासे-मटण आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या शिजलेलं नव्हतं. कुणी खाऊन आलेला पाहुणा असला तर मोठी माय त्याला पाणी द्यायची, पण ते वरून ओंजळीत ओतून.

अशा घराच्या मागच्या ओट्यावर समुद्र होता. काका एकदा गुजरातच्या किनाऱ्यावर, ओख्याला गेला आणि तिथल्या खडकांतल्या डबक्यातून तीन समुद्रफुलं दुधाच्या कॅनमध्ये घालून रेल्वेने घेऊन आला. सोबत समुद्राच्या पाण्याचे दोन कारबॉय, लॅबमधले मोठे बुधले. समुद्रफूल म्हणजे फूल नव्हे, प्राणी. मधे तोंड, भोवती बोटांसारख्या पाकळ्या, खाली पाय. त्या पायाने ते दगडाला चिकटून बसतं. धक्का लागला की सगळ्या पाकळ्या आत ओढून सुपारीएवढा गोळा होतं. एक मातकट लाल होतं, तेच सर्वांत मोठं. दुसरी दोन हिरवट, पांढऱ्या रेघांची. काकाने उथळ, रुंद काचेची टाकी करवून घेतली आणि ती चालवायची कशी हे त्याने आणि मी मिळून शोधून काढलं.

पाण्यात हवा खेळावी म्हणून लाकडी पळीने पाणी उचलून वरून सोडायचं, सकाळी शंभर वेळा आणि संध्याकाळी शंभर वेळा. ते माझं काम. उन्हाळ्यात टाकीभोवती ओलं गोणपाट गुंडाळायचं, तेही माझं. आणि मुख्य म्हणजे पाण्याचा खारटपणा. आपल्याकडच्या उन्हाने टाकीतलं पाणी दिवसाला बोटभर आटतं, पण मीठ कुठेच जात नाही. तेव्हा वरून घालायचं ते समुद्राचं पाणी नव्हे, तर लॅबमधलं शुद्ध वाफेचं पाणी. किती घालायचं हे ठरवायला काकाने ब्रिक्सचा स्पिंडल आणला होता. उसाच्या रसात सोडून गोडी मोजायची ती काचेची पातळ नळी. तिला गोड आणि खारट कळत नाही, पाणी किती दाट एवढंच कळतं. चांगल्या समुद्राच्या पाण्यात ती सव्वासहाच्या आसपास उभी राहायची. ते वाचून मी आखलेल्या वहीत लिहायची : तारीख, वेळ, ब्रिक्स, पाण्याची पातळी, शेरा. काका ती वही लॅबमध्ये नेऊन साहेबांना दाखवायचा. "आमच्या असिस्टंटची वही आहे," असं म्हणायचा. आजवर मला मिळालेल्या कुठल्याही सर्टिफिकेटपेक्षा ते वाक्य मला मोठं वाटत आलं आहे.

एकच गोष्ट मला जमत नव्हती. समुद्रफुलांना खायला झिंगे, म्हणजे बारीक कोळंबी, लागत. गोमाई नदीतले, नखाएवढे. लॅबचा शिपाई कागदात बांधून आणायचा आणि काका चिमट्याने एकेक तुकडा पाकळ्यांवर ठेवायचा. मी तेव्हा ओट्याच्या दुसऱ्या टोकाला, नाकाला पदर लावलेल्या मोठ्या मायजवळ उभी असायची.

"हाई मांस खानारं फूल शे, अन् तेबी मन्हा घरमा," ती म्हणायची. "तुन्हा काकाना डोकामा काय भरेल शे, देवले माहीत!"

मग काकाने लग्न केलं. शैलाकाकू डहाणूची, काकाच्या कॉलेजमधल्या मित्राची बहीण. समुद्रकाठचं, मासे खाणारं घर. मोठी माय तीन महिने नाही म्हणाली आणि मग एका अटीवर हो म्हणाली : "मन्हा चुलावर मासा चढाले नको. तिन्हा पोटमाबी नको." काकूने मान डोलावली. ती बावीस वर्षांची होती. आपण कशाला मान डोलावली हे तिला तेव्हा कळलं असेल असं मला वाटत नाही.

घरी आल्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मी पळीने पाणी घालत होते. ती येऊन माझ्या शेजारी उकिडवी बसली. हातात हिरवा चुडा. काही न विचारता तिने तर्जनी पाण्यात घातली आणि लाल समुद्रफुलाच्या पाकळ्यांजवळ नेली. ते मिटेल म्हणून मी ओरडणार, तोच त्या पाकळ्या तिच्या बोटाला एकेक करून चिकटल्या. ती हसली. "बघ, कशी ओढतात! आम्ही लहानपणी शाळेतून येताना खडकांवर हेच करायचो."

मागे दारात काका उभा होता. "कुंदा, पाहिलंस? माहेरचं माणूस ओळखलं त्यांनी!"

दीड वर्ष मी त्या टाकीवर होते आणि बोट घालायचं मला कधी सुचलंही नव्हतं; सुचलं असतं तरी धीर झाला नसता. त्या क्षणी पोटात जे झालं त्याला नाव द्यायला मला पुढे बरेच दिवस लागले. तेव्हा मला वाटलं, उपाशीपोटी चहा प्यायल्यामुळे मळमळतं आहे.

त्यानंतर रोज काहीतरी होई. झिंगे आता काकू द्यायची, बोटांनी, चिमटा न घेता, आणि समुद्रफुलं खरोखरच अधिक फुलायची. काका जेवायच्या आधी ओट्यावर जायचा तो माझी वही बघायला नव्हे, तर तिच्याशेजारी बसायला. एकदा वही उघडली तर शेऱ्याच्या रकान्यात तिच्या तिरक्या अक्षरात लिहिलेलं : "आज तिघंही खूश." खूश! हे काय निरीक्षण झालं? मी ब्लेडने ते खरवडलं. कागद पातळ होऊन मागचं अक्षर दिसायला लागलं. काकू म्हणाली, "कुंदा, मला अगं-तुगं कर ना. या घरात अहो-जाहो ऐकून कंटाळा आलाय." मी म्हटलं, "बरं, काकू. तुम्ही म्हणाल तसं."

आज मागे वळून बघताना तिची बाजू मला दिसते. नवऱ्याशिवाय तिच्याशी बोलणारं कुणी नव्हतं. आमची अहिराणी तिला कळायची नाही. मोठी माय "तो डबा आठे ठेव", म्हणजे इथे ठेव, म्हणाली तर ती आठ डबे शोधत बसायची, आणि आम्ही हसायचो. त्या हसण्यात मी सर्वांत पुढे.

एप्रिलमध्ये गाळप बंद झालं आणि काकाला दोन महिन्यांसाठी कानपूरला ट्रेनिंगला जायचं ठरलं. निघताना ट्रंकेला कुलूप लावता लावता तो म्हणाला, "शैला खायला घालेल, कुंदा पाणी बघेल." त्याच्या दृष्टीने ही सरळ वाटणी होती. मला ऐकू आलं ते असं : जिवंत ते तिचं, आणि पाणी तुझं.

तो गेल्यावर आठवड्याने नदी इतकी आटली की झिंगे मिळेनात. काकूच्या भावाने डहाणूहून सोड्यांचा डबा पाठवला. सोडे म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी; ती भिजवून समुद्रफुलांना चालते. मोठ्या मायने डबा ओट्यावरच ठेवायला लावला, निराळ्या फळीवर. एका दुपारी शाळा लवकर सुटली. मी मागच्या बाजूने आले. ओट्यावर शेगडी पेटलेली होती, ज्यावर आम्ही अंघोळीचं पाणी तापवायचो ती. काकू तिच्यासमोर पाठमोरी बसली होती. तव्यावर दहा-बारा सोडे, कांदा आणि लाल मिरची. तिने ते शिळ्या भाकरीच्या तुकड्यावर घेतलं आणि खाल्लं. भराभर नाही, अगदी सावकाश, डोळे मिटून. मग तवा राखेने तीनदा घासला.

मी आल्या पावली परत फिरले, चक्कर मारून पुढच्या दाराने घरात शिरले आणि मोठ्या मायजवळ जाऊन बसले. ती तांदूळ निवडत होती. मी सांगितलं.

तिचा हात थांबला. "तू सोता दखं का?"

"हो. ओट्यावर. शेगडीवर भाजून."

"आजच?"

इथे मी थांबले. हे मला नीट आठवतं, कारण तेवढ्या वेळात मला दोन्ही उत्तरं दिसत होती. मी म्हटलं, "नाही. रोज. तुम्ही झोपता तेव्हा."

मुलांनो, मी एकदाच पाहिलं होतं. आणि पुढे कळलं की एकदाच झालं होतं. एक दिवस खाल्लं असतं तर मोठी माय चार शब्द बोलली असती आणि ओटा सारवून घेतला असता. पण रोज खाऊन त्याच हाताने तिने देवाचं पाणी भरलं असेल, पीठ मळलं असेल, हे तिला सहन होण्यासारखं नव्हतं. ती ओरडली नाही. चिमट्याने सोड्यांचा डबा उचलला, परसात खड्डा करून पुरला. मग काकूला म्हणाली, "तुन्हा भाऊले बलाव. तुन्हं माहेर तुले सोडवत नही ना? जाय मग." काकूने एकच प्रश्न विचारला, "तुम्हाला कोणी सांगितलं?" मोठी माय म्हणाली, "सांगनारीनी सांगं." मग काकूने माझ्याकडे पाहिलं. मी वही चाळत होते.

भाऊ दोन दिवसांनी आला. टांग्यात बसण्याआधी काकू ओट्यावर आली. मला वाटलं, आता ती मला बोलेल. ती म्हणाली, "चार दिवसांनी एकदा दे. एवढंसंच. उरलं तर लगेच काढ, पाणी नासतं. आणि कुंदा, हाताने दे. घाबरू नकोस, ती चावत नाहीत." तिचा आवाज साधा होता. तो साधेपणाच मला जास्त लागला, आणि लागला म्हणून मी आणखी चिडले.

आता टाकी माझी एकटीची झाली होती. पहिले दोन दिवस मला फार बरं वाटलं. मग खायला घालायचा दिवस आला. झिंगा हातात धरायचा नव्हता, आणि आणायचाही नव्हता. मी विचार केला आणि मला एक उपाय सुचला, जो फक्त आमच्यासारख्या घरातल्या मुलीलाच सुचला असता. मी दूध फाडलं, छेना घट्ट बांधला आणि त्याचे नखाएवढे तुकडे केले. प्रोटीन तर तेही आहे, शास्त्राच्या पुस्तकात होतं. समुद्रफुलांनी ते तुकडे घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते जसेच्या तसे, चिकट होऊन, बाहेर टाकलेले. मग मी शिजवलेली तुरीची डाळ दिली, मग भिजवलेले मठ, म्हणजे मटकी. तेही परत. मी हट्टाने देत राहिले. त्यांना शाकाहारी करता आलं तर काकूची गरजच उरणार नव्हती.

स्पिंडल रोज सव्वासहा दाखवत होता. पातळी बरोबर, गोणपाट ओलं, पळ्या शंभर-शंभर. वहीत एक खाडाखोड नाही. आणि समुद्रफुलं मात्र आक्रसत चालली होती. पाणी किंचित पांढरट झालं होतं. त्यासाठी माझ्या वहीत रकानाच नव्हता. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी ओट्यावर कुजका वास आला. लाल समुद्रफूल दगडावरून सुटून तळाशी पडलं होतं, भिजलेल्या कापडासारखं. पळीने उचललं तर त्याचे तुकडे झाले.

मी कितीतरी वेळ ते धरून बसले. रडू आलं नाही. मनात आलं ते असं : ती असती तर हे झालं नसतं. आणि लगेच पुढचं : म्हणूनच मला ती नको होती. दोन्ही खरी होती आणि एकाच वेळी खरी होती.

मी टाकीतलं पाणी काढून कारबॉयमधलं भरलं. उरलेली दोन सुपारीसारखी मिटलेली होती. त्या दिवशी शहाद्याचा आठवडी बाजार होता. मी दप्तर घेऊन एसटीने गेले. मासळीच्या बाजूला पळसाची पानं पसरून डोंगरातली एक बाई बसली होती, समोर तापीतल्या झिंग्यांचा ढीग. मी जवळ जाऊन उभी राहिले.

"काय वं पोरी, पाटीलनी पोर दिखस तू," ती म्हणाली. "वाट चुकनी का?"

"झिंगे पाहिजेत. थोडे."

"कोन खाई? तू?" ती शेजारणीकडे बघून हसली. "नाक धरीसन खाशी का?"

"मी नाही. ... घरी आजारी आहेत. दोघं."

तिचं हसणं थांबलं. तिने पानात चार मुठी घातल्या, वर आणखी एक घातली. "ताजा शेतस. सालटं काढीसन दे. बरं वाटी."

परत येताना मी ती पुडी दप्तरात, इंग्रजीच्या पुस्तकाशेजारी ठेवली होती. ओट्यावर बसून पहिला झिंगा सोलला आणि कोपऱ्यात जाऊन ओकले. तोंड धुऊन दुसरा घेतला. तुकडा बोटांच्या चिमटीत धरून हात पाण्यात घातला. बराच वेळ काही झालं नाही. मग एका हिरवट गोळ्याचं तोंड थोडं उघडलं, दोन पाकळ्या बाहेर आल्या आणि बोटाला लागल्या. चावल्या नाहीत. नुसत्या धरून राहिल्या, मांजराच्या जिभेसारख्या खरखरीत. तुकडा आत गेला.

"कुंदा. तू बी?"

मोठी माय दारात होती. माझ्या हाताला झिंग्याचा चिकटा, समोर पळसाचं पान. मी उठले नाही. मी म्हटलं, "मोठी माय, मी खोटं सांगितलं होतं. रोज नव्हतं. एकदाच."

"एकदाच?"

"एकदाच पाहिलं. रोज मी जोडलं."

"कसाले?"

मी म्हणाले, "काका मन्हा व्हता." मी घरात कटाक्षाने पुस्तकी मराठी बोलायची, ते एवढं एक वाक्य अहिराणीतून बाहेर आलं.

मोठी माय उंबऱ्यावर खाली बसली. ती मला मारेल असं मला वाटलं होतं, आणि मारलं असतं तर हवं होतं. ती ओट्याकडे बघत राहिली, शेगडीकडे, टाकीकडे. मग म्हणाली, "हात धू. दोनदाव धू. अन् कागद लई ये."

तिला लिहिता येत नव्हतं. तिची सगळी पत्रं मीच लिहायची. तिने सांगितलं आणि मी लिहिलं, की मांगला वटा तुन्हा शे, तठली शेगडी तुन्ही शे, तठे काय शिजाडस ते मी देखाव नही. चुलाकडे येवाना पहिले आंघोय कर, एवढंच. ये. मग ती म्हणाली, "आते खाले तुन्हं लिख. तुन्हा हातना अक्षरमा." मी खाली लिहिलं की मी एक शब्द जास्त सांगितला होता, तो कोणता, आणि का. पाच ओळी झाल्या. त्या पाच ओळींपेक्षा अवघड मजकूर मी पुन्हा लिहिलेला नाही.

काकू पंधरा दिवसांनी नंदुरबार स्टेशनवर उतरली, भावासोबत, समुद्राच्या पाण्याचे दोन कारबॉय घेऊन. घरी येताच पिशवीतून दोन डबे काढले आणि फळीवर ठेवले. "हा त्यांचा," ती मला म्हणाली, "आणि हा माझा. नीट बघून ठेव." मी मान खाली घातली, तर ती हसत होती. मग पाय धुऊन टाकीजवळ गेली आणि बोट आत घातलं. दोन आठवडे मी त्या दोघांना हाताने भरवलं होतं आणि माझ्यासमोर ती अर्धीमुर्धी उघडायची. तिच्या बोटाला पहिल्याच मिनिटात पूर्ण उघडली. मला पुन्हा तसंच मळमळलं. हे मी मुद्दाम लिहिते. मी खरं सांगून टाकलं म्हणून मत्सर गेला नाही. फक्त तो आला की आता मला ओळखू यायचा. मी म्हटलं, "शैलाकाकू, लाल मेलं. माझ्यामुळे. मी त्याला छेना घातला."

"छेना?" तिने वळून पाहिलं. "अगं, छेना घातलास तू?" आणि ती हसत सुटली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला कळेना की मीही हसावं की नाही. आत मोठी माय म्हणत होती, "काय व्हयनं? माले बी सांगा ना!"

काका कानपूरहून परतल्यावर काकूने त्याला उन्हाळ्याने लाल गेलं एवढंच सांगितलं. बाकीचं तिने त्याला कधीच सांगितलं नाही, मोठ्या मायने नाही आणि मीही नाही. पुढे तिला दोन मुलं झाली, काका रिटायर झाला, मी शहाद्याला शिक्षिका झाले. दोन हिरवट समुद्रफुलांपैकी एक काही वर्षांनी मेलं. उरलेलं मधोमध दुभंगून एकाची दोन झाली. ती तशीच वाढतात. काकूने एक मला दिलं आणि मी टाकी घेतली. आता मिठाची पाकिटं सुरतेहून येतात, हवेला मोटर आहे, पळी चालवावी लागत नाही. काकूचं पोस्टाने आलेलं शेवटचं पत्रसुद्धा टाकीबद्दलच होतं. तुमचे बाबा लहान असताना टाकीशी कसे खेळायचे, ते त्यांना विचारा.

माझ्याकडे आज चार समुद्रफुलं आहेत, चारही त्या एकाचीच. दर गुरुवारी त्यांना झिंगे मी देते, हाताने.